डबीतली अळी काळी का पडते? गळासाठी अळ्या जिवंत ठेवायचं साधं शास्त्र

पावसाळा मध्यावर आला की कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर या ऊसपट्ट्यातून हुमणीच्या बातम्या यायला लागतात. मुळं कुरतडणारी ही पांढरी, जाडजूड, विळ्यासारखी वाकलेली अळी. शेतकरी तिला पाहून कपाळाला हात लावतो, तर गळ टाकणारा नांगरामागे बगळ्यांच्या बरोबरीने चालत ती वेचतो. शहरातला हौशी माणूस पक्षी-मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून मिलवर्मची डबी आणतो. दोघांचीही तक्रार एकच असते. रात्री वळवळत होत्या, सकाळी बघतो तर निम्म्या काळ्या आणि डबीला वास.

अळ्या उपाशी मेल्या, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून पुढच्या खेपेला ते जास्त खाणं घालतात, वर पाण्याचे दोन हबके मारतात, झाकण घट्ट लावतात, आणि अळ्या आणखी लवकर मरतात. खरं तर गळासाठी आणलेली अळी भुकेने क्वचितच मरते. तिला मारतात त्या चार गोष्टी: ओल, उष्णता, गर्दी आणि जखम. हे चार नीट कळले की उरतं ते रोजचं किरकोळ काम.

अळीचं पोट हीच तिची शिदोरी

अंडं, अळी, कोष आणि मग भुंगा किंवा पतंग, अशा चार अवस्थांतून हे किडे जातात. यात अळीचं काम एकच: खायचं आणि चरबी साठवायची. मेणकिड्याचं उदाहरण बघा. मधमाशीच्या पोळ्यात राहणाऱ्या या अळीचा पुढे पतंग होतो आणि तो पतंग काहीच खात नाही. त्याला लागणारी सगळी ऊर्जा अळीने आधीच साठवलेली असते. पूर्ण वाढलेली अळी म्हणजे भरलेला शिधा. म्हणून मेणकिड्याच्या डबीत खाणं घालायची गरजच नसते.

हा शिधा किती दिवस पुरणार, ते ठरवतं तापमान. अळीला स्वतःची ऊब नसते. भोवतालची हवा जितकी गरम, तितकं तिचं शरीर भराभर चालतं. ढोबळ हिशेब असा की १० अंश सेल्सिअसने तापमान वाढलं की शरीराचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. इडलीचं पीठ आठवा. मे महिन्यात ते ५-६ तासांत फुगून भांड्याबाहेर येतं, डिसेंबरात रात्रभर ठेवलं तरी ढिम्म असतं, आणि फ्रीजमध्ये जागच्या जागी थांबतं. अळीचंही तसंच. गरम खोलीत ती शिधा झपाट्याने संपवते, मोठी होते आणि कोषात जाते. गार जागेत तिचं घड्याळ मंदावतं. अळी ‘ठेवणं’ म्हणजे तिला खाऊ घालणं नव्हे, तिचं घड्याळ हळू करणं.

मग सगळ्याच अळ्या फ्रीजमध्ये का ठेवू नयेत?

कारण गारवा प्रत्येकीला सारखा मानवत नाही. गाजर फ्रीजमध्ये महिनाभर टिकतं, केळं मात्र दोन दिवसांत काळंठिक्कर पडतं. अळ्यांतही गाजरं आहेत आणि केळी आहेत.

मिलवर्म हे गाजर. पिवळट तपकिरी, २ ते ३ सेंटीमीटर लांब, जरा कडक कातडीची ही अळी धान्यातल्या काळ्या भुंग्याची. ७ ते १० अंशांवर ती महिना-दोन महिने सुस्त पडून राहते. घरच्या फ्रीजमध्ये एवढं तापमान दाराच्या कप्प्यात किंवा तळाच्या भाजीच्या खणात मिळतं. मागच्या भिंतीला टेकवून ठेवाल तर तिथे गारठा जास्त असतो, डबी गोठते.

मेणकिडा हे केळं. त्याला १३ ते १६ अंश लागतात. ४-५ अंशांच्या कप्प्यात तो काही दिवसांत मऊ पडून मरतो, आणि २० अंशांच्या वर गेला की रेशीम काढून कोष विणायला बसतो.

सुपरवर्म म्हणून विकली जाणारी ४-५ सेंटीमीटरची मोठी अळी मिलवर्मची थोरली बहीण वाटते. तिला फ्रीज दाखवायचाच नाही, एका रात्रीत संपते. खोलीतल्या तापमानात, कोंड्यात, गाजराच्या फोडीवर ती महिनोन्‌महिने अळीच राहते. याचं कारणही गमतीचं आहे. भोवती इतर अळ्यांची धक्काबुक्की चालू असेपर्यंत ती कोषात जात नाही. एकटी वेगळी काढून ठेवली की एक-दोन आठवड्यांत कोष करते. इतर अळ्यांना गर्दी मारते, हिला ती अळी म्हणून टिकवते.

ब्रिटनमध्ये गळाला माशीच्या अळ्या लावायची मोठी परंपरा आहे. त्या तिथे फ्रीजमध्ये शून्याच्या थोड्या वर, मक्याच्या पिठात ठेवतात. आपल्याकडे त्या कोणी घरात आणत नाही, म्हणून इथे एवढंच पुरे.

काळेपणा येतो कुठून?

वांगं चिरून ठेवलं की कापलेली बाजू काळी पडते. आतला एक रस हवेला लागतो, विकर म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं द्रव्य जागं होतं आणि काळा रंग तयार होतो. अळीच्या रक्तातही त्याच जातकुळीचं विकर असतं. कातडीला टोचलं, चावा बसला किंवा आत जंतू शिरले की ती जागा काळी पडते. जखम बुजवायची आणि जंतूंना कोंडायची ही अळीची धडपड असते. मेणकिड्याच्या याच गुणामुळे प्रयोगशाळांत जंतुसंसर्गाच्या अभ्यासासाठी त्याला वापरतात. अळी जितकी काळी, तितका संसर्ग जास्त.

त्यामुळे डबीतला एक काळा ठिपका दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. मेलेली अळी फुटली की तिचा ओलावा कोंड्यात उतरतो, बुरशी धरते आणि शेजारच्या चार जणी त्यात जातात. रोज नाही तर दिवसाआड डबी उघडून चिमट्याने काळ्या काढून टाका. या एका कामाला पर्याय नाही.

अळीच्या कुशीवर दोन्ही बाजूंनी बारीक ठिपक्यांची रांग दिसते. तीच तिची नाकं, म्हणजे श्वासरंध्रं. हुमणीवर ती साध्या डोळ्यांनीही दिसतात, पिवळट तपकिरी टिकल्यांसारखी. डबीच्या भिंतीला पाणी सुटलं की ओला कोंडा चिकट होतो आणि तोच लगदा या छिद्रांवर बसतो. ओल बुरशीही वाढवते आणि श्वासही कोंडते.

मिलवर्मचा डबा

साधारण २०० अळ्यांसाठी २ लिटरचा पसरट प्लास्टिकचा डबा घ्या. उभट बरणी नको. उभ्या भांड्यात अळ्या एकमेकींवर रचल्या जातात, आणि ओली कडब्याची गंजी आतून तापते तसा तो ढीगही आतून तापतो. गुळगुळीत कोरड्या भिंतीवर मिलवर्म चढू शकत नाही, त्यामुळे १० सेंटीमीटर उंची पुरते. झाकणाला दाभणाने २०-२५ भोकं पाडा, किंवा झाकणाचा मधला भाग कापून मच्छरदाणीची जाळी चिकटवा. जाळीचं झाकण केव्हाही चांगलं.

तळाला ४ सेंटीमीटर गव्हाचा कोंडा. तोच बिछाना, तोच आहार. इथे एक घरगुती चूक हमखास होते. वर्षाच्या गव्हाला आपल्याकडे बोरिक पावडर लावतात. त्या गव्हाचा कोंडा घातला तर अळ्या मरणारच, कारण ती पावडर किडे मारण्यासाठीच असते. एरंडेल लावलेल्या गव्हाचा कोंडाही टाळा. गिरणीतून औषध न लावलेल्या गव्हाचा कोंडा आणा आणि आधी तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे त्यातले सोंडे आणि बारीक कोळीकिडे मरतील. बाहेर काढल्यावर पूर्ण कोरडा झाला की मगच वापरा.

पाणी शिंपडायचं नाही, एक थेंबसुद्धा नाही. मिलवर्मला लागणारा ओलावा गाजराच्या किंवा बटाट्याच्या फोडीतून मिळतो. डबा फ्रीजच्या दारात ठेवला असेल तर १०-१५ दिवसांनी बाहेर काढा, खोलीत दिवसभर ठेवा आणि अंगठ्याएवढी गाजराची फोड द्या. फोड आधी पुसून, तासभर सुकवून घ्यायची. अळ्या जाग्या होऊन तिच्याभोवती गोळा होतात. संध्याकाळी उरलेली फोड काढून टाका, रव्याच्या चाळणीने कोंडा चाळा आणि डबा परत गारव्यात. चाळणीतून खाली पडते ती वाळूसारखी बारीक पूड म्हणजे अळ्यांची विष्ठा. हे चाळण उघड्यावर, नाकाला रुमाल बांधून करा. या पुडीची ॲलर्जी होऊन शिंका आणि दमा सुरू झालेली माणसं आहेत.

फ्रीजमधून डबा काढल्या काढल्या उघडू नका. गार पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम सुटतो, तसा उघड्या डब्याला आतून सुटतो, आणि पावसाळ्यात तर भिंती ओघळायला लागतात. ओल्या भिंतीवर मिलवर्मची पकड बसते, म्हणजे अळ्या बाहेरही निघतात. डबा वर्तमानपत्रात गुंडाळून तासभर तसाच राहू द्या. घाम कागदावर येईल, आत येणार नाही.

कोंड्यात अधूनमधून एखादी पांढरीशुभ्र अळी दिसते. ती आजारी नसते, तिने नुकतीच कात टाकलेली असते. काही तास ती लोण्यासारखी मऊ असते, मग पुन्हा पिवळी होऊन कडक होते. गळाला लावायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण जरा दाबली की फुटते, म्हणून जपून उचला.

मेणकिडा: फ्रीजही नको, खोलीही नको

आपल्या हवेत १३ ते १६ अंश मिळवणं हीच खरी अडचण. नाशिक-पुण्याच्या जानेवारीतल्या रात्री सोडल्या तर ते आपोआप मिळत नाहीत. स्वस्तातला उपाय म्हणजे जाड थर्माकोलचा खोका. त्यात अर्ध्या लिटरची बर्फ झालेली बाटली टॉवेलात गुंडाळून एका टोकाला, अळ्यांची डबी दुसऱ्या टोकाला आणि मध्ये साधा डिजिटल थर्मामीटर. सकाळ-संध्याकाळ बाटली बदला. तापमान १२ च्या खाली गेलं तर टॉवेलाचा आणखी एक वेढा द्या, १८ च्या वर चढलं तर एक वेढा काढा. अशा रीतीने दोन-तीन आठवडे सहज जातात.

बिछान्याला सुताराच्या रंध्याखाली निघणाऱ्या कोरड्या लाकडी साली घ्या. प्लायवूडचा भुसा नको, त्यात गोंद आणि रसायनं असतात. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत मेणकिडे ठेवले तर ते पिशवी कुरतडून बाहेर पडतात. स्पेनमधल्या फेडेरिका बेर्तोकिनी या संशोधिकेने पोळ्यातले मेणकिडे पिशवीत ठेवले होते. पिशवीला भोकं पडली, आणि त्यातून प्लास्टिक विघटनावरचा २०१७ चा गाजलेला शोधनिबंध निघाला. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच: जाड, टणक डबी वापरा.

ज्यांच्या घराजवळ सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत त्यांनी मेणकिडे पाळूच नयेत. एक पतंग निसटला तरी कमकुवत वसाहतीचं पोळं जाळ्याने भरून जाऊ शकतं.

हुमणी: प्रत्येकीला वेगळी खोली

हुमणीचा भुंगा वळवाच्या पावसानंतर जमिनीतून निघतो, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर बसतो आणि जमिनीत अंडी घालतो. अळी पावसाळाभर मुळं खाते आणि दिवाळीच्या सुमारास खोल जाऊन कोषात शिरते. म्हणजे मोठ्या, गळाला लावण्याजोग्या अळ्या साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर मिळतात.

आधी ओळख पटवा. शेणखताच्या ढिगातही अशाच पांढऱ्या अळ्या असतात. सपाट फरशीवर ठेवा: पाठीवर उताणी होऊन सरपटत गेली तर ती ढिगातली, कुजलेलं खाणारी. कुशीवर वाकून पडली किंवा पायांवर चालायला बघितली तर बहुधा हुमणी. गळाला दोन्ही चालतात. कोकणात आणि गोव्यात खताच्या खड्ड्यात सापडणारी गेंडा भुंग्याची अळी मात्र अंगठ्यापेक्षा जाड होते, लहान गळाला ती बसत नाही.

हुमण्या एका डब्यात कोंबल्या की एकमेकींना चावतात. चाव्याची जागा काळी पडते आणि मग वर सांगितलेलं सगळं चक्र सुरू होतं. म्हणून चहाचे कागदी कप घ्या आणि एका कपात एकच अळी ठेवा. कप पाऊण भरेल इतकी माती, ती ज्या शेतातून अळी आणली तिथलीच. ओल किती? मूठ आवळली तर मातीचा लाडू वळावा आणि बोटाने ढोसला की फुटावा. लाडू वळलाच नाही तर कोरडी, बोटांतून पाणी आलं तर चिखल. वर बटाट्याची पातळ चकती, ती तीन दिवसांनी बदलायची. सगळे कप ताटलीत ठेवून ओलसर गोणपाटाने झाका.

गारव्यासाठी इथे माठ कामाला येतो. एका मोठ्या माठात लहान मडकं ठेवा, मधल्या जागेत वाळू भरा, वाळू दिवसातून दोनदा भिजवा आणि कप आतल्या मडक्यात ठेवा. वाळूतलं पाणी बाहेरच्या माठातून झिरपून वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. भारतीय कृषी संशोधन संस्थेने भाजीपाल्यासाठी विकसित केलेला विटा आणि ओल्या वाळूचा ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ याच तत्त्वावर चालतो आणि कडक उन्हाळ्यात बाहेरपेक्षा १० ते १५ अंश गार राहतो. हा उपाय कोरड्या हवेतला. ऑक्टोबरात मराठवाड्यात, विदर्भात तो छान चालतो. कोकणात भर पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली असते, वाफ होत नाही, म्हणून माठही गार होत नाही. तिथे घरातला सर्वांत सावलीचा, वारा लागणारा कोपराच बरा. आणि मिलवर्म किंवा मेणकिडे माठात ठेवू नका, तिथल्या दमटपणाने त्यांचा कोरडा बिछाना बुरसटतो.

ज्या शेतात दाणेदार औषध टाकलंय किंवा मुळांशी कीटकनाशक ओतलंय तिथली हुमणी घ्यायची नाही, मग ती कितीही टपोरी असो. ती अळी मासा खाणार आणि मासा आपण. एखादी अळी खडूसारखी कडक होऊन तिच्यावर आधी पांढरी आणि मग हिरवी पूड दिसली तर ती मेटारायझियम नावाची बुरशी. शेतकऱ्यासाठी ती मित्र आहे, हुमणी मारायला मुद्दाम जमिनीत घालतात. आपल्या कपांत मात्र ती पसरते. तो कप मातीसकट बाहेर काढा आणि बाकीच्यांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवा.

तळ्यावर नेताना

घरी महिनाभर जपलेल्या अळ्या तळ्याकाठी दोन तासांत गेल्या, असं फार होतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ५० अंशांच्या वर तापतं, आणि तिथे पाठीमागच्या काचेखाली डबी ठेवलेली असते. एका सकाळपुरत्या ३०-४० अळ्या चपट्या लहान डबीत काढा, डबीला ओलं फडकं गुंडाळा आणि सावलीत ठेवा. मूळ डबा घरीच राहू दे.

हातांना डास पळवायचं मलम लावलं असेल तर अळीला हात लावण्यापूर्वी धुवा. घरातही जिथे डासांचं लिक्विड किंवा अगरबत्ती जळते त्या खोलीत अळ्या ठेवू नका. डास मारणारं औषध अळी आणि डास यांत भेद करत नाही.

बारीक तारेचा १० ते १४ नंबरचा गळ पुरे. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. मिलवर्म आणि मेणकिडा डोक्याच्या लगेच मागे, फक्त कातडीखालून ओवा. मधोमध आरपार टोचलं की रस निघून जातो आणि पाण्यात नुसतं रिकामं साल लोंबतं. हुमणीचं मागचं टोक काळपट दिसतं, ते तिच्या पोटातली माती आणि मुळं. तिथे गळ घातला तर ती तिथल्या तिथे फुटते, तिलाही डोक्याकडूनच लावा. चिलापीला लहान अळी आणि लहान गळ, शिंगट्याला हुमणी. धरणांचे आणि तलावांचे मासेमारीचे ठेके बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, गळ टाकण्याआधी त्यांना विचारा.

‘गांडूळ फुकट मिळतं, मग एवढी खटपट कशाला?’

गढूळ पाण्यात, पावसाळ्यात गांडुळासारखं आमिष नाही, हे मान्यच. पण मार्च ते मे गांडूळ खोल जातं, खणून सापडत नाही, आणि सापडलं तरी उन्हात चिवट दोरीसारखं वाळतं. तेव्हा फ्रीजच्या दारातली मिलवर्मची डबी उपयोगी पडते. घरात एकच अळी ठेवायची असेल तर ती मिलवर्मच ठेवा. बाकीच्यांच्या मानाने ती सर्वांत कमी नखरे करते.

‘खायच्या फ्रीजमध्ये किडे?’

घरच्यांचा हा आक्षेप रास्त आहे आणि तो मोडून काढू नये. मिलवर्म कोंडा आणि गाजर खातात, सडक्यावर वाढत नाहीत. तरी डबा दुसऱ्या मोठ्या, हवा येण्यापुरतं झाकण सैल ठेवलेल्या डब्यात घाला, वर ठळक अक्षरांत लिहा आणि उघड्या अन्नाच्या खालच्या बाजूला ठेवा. चाळणी आणि चिमटा वेगळे, स्वयंपाकघरातले नकोत. घरात कोणाला दमा असेल तर हा छंद थर्माकोलच्या खोक्यातच ठेवा.

‘सरळ फ्रीजरमध्ये टाकल्या तर?’

जिवंत अळी गोठवली की तिच्या पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फुटतात, आणि वितळल्यावर हाती काळा लगदा येतो. मेलेलं आमिष चालणार असेल तर मटारसारखं करा: उकळत्या पाण्यात एक मिनिट, लगेच गार पाण्यात, फडक्यावर कोरड्या, मग फ्रीजरमध्ये. उकळत्या पाण्याने ते काळं करणारं विकर निकामी होतं, त्यामुळे अळी पिवळीच राहते. वळवळीला मात्र मुकावं लागतं, आणि सावध मासा बऱ्याचदा वळवळीलाच भुलतो.

‘उरलेल्या सोडून दिल्या तर काय बिघडलं?’

मिलवर्म धान्यातली कीड आहे, हुमणी उसाची, मेणकिडा मधमाश्यांचा वैरी. तळ्याकाठी उपडी केलेली डबी म्हणजे कोणाच्या तरी कोठारात, शेतात किंवा पेटीत पाठवलेलं बियाणं. हुमणीच्या कपातली मातीही दुसऱ्या शेतात टाकायची नाही, तिच्यात बारीक अळ्या असू शकतात. उरलेल्या अळ्या कोंबड्यांना घाला, त्या मिनिटात फडशा पाडतात. कोंबड्या नसतील तर डबी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग कोंड्यासकट खड्ड्यात पुरा. हुमणीची माती काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून कडक उन्हात दोन दिवस वाळवा आणि ज्या बांधावरून आणली तिथेच परत टाका.